ऑल्टन शहराचे संपादक रे. इलायजा लव्हजॉय



मंडळीत वर्तमानपत्र आले म्हणजे एकजण वाचतो व दहाजण ऐकतात. मग तो कागद हातोहात फिरतो आणि शेवटी कोणाच्या तरी गीतपुस्तकाला वेष्टण म्हणून उपयोगी पडतो. इतक्या सहज हाती येणारा कागद छापता यावा म्हणून कोणी आपला प्राण दिला असेल, हे आपल्या मनातही येत नाही. अमेरिकेतील ऑल्टन शहरी असे एक संपादक होऊन गेले. ते आपल्यासारखेच मंडळीचे सेवक होते. त्यांची चार मुद्रणयंत्रे लोकांनी एकामागून एक मोडली, आणि चौथ्याच्या वेळी त्यांचाही जीव घेतला. त्यांचे नाव रे. इलायजा पॅरिश लव्हजॉय. इलायजा म्हणजे आपल्या पवित्र शास्त्रातील एलीया हेच नाव होय. त्यांचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातून मिसिसिपी ही महानदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्या पश्चिम तीरावर सेंट लुईस हे शहर आहे, आणि तेथून वीस-पंचवीस मैल वरच्या बाजूस, पूर्व तीरावर, ऑल्टन आहे. देश एकच, परंतु ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळी ह्या दोन तीरांवर दोन कायदे होते. सेंट लुईस मिसूरी राज्यात होते. ते राज्य १८२१ साली संयुक्त संस्थानांत सामील झाले तेव्हा तेथे गुलाम बाळगण्याची मोकळीक ठेवण्यात आली होती. आफ्रिकी वंशाची माणसे तेथे गुरांप्रमाणे विकली जात, भाड्याने दिली जात, आणि आईपासून मूल तोडून दूरच्या बाजारी पाठविले जाई. ऑल्टन इलिनॉय राज्यात होते व तेथे कायद्याने गुलामगिरीला थारा नव्हता. तथापि नदीने कायदे विभागले तरी व्यापार विभागला नव्हता. ऑल्टनच्या वखारींतील माल दक्षिणेकडील गुलामांच्या धन्यांकडे जाई, आणि तेथले पुष्कळ रहिवासी त्याच मुलखातून आलेले होते.

ह्या नदीकाठी वर्तमानपत्रे लवकर निघाली. जोसेफ चार्लेस नावाच्या आयरिश मुद्रकाने १८०८ साली सेंट लुईस येथे मिसूरी गॅझेट काढले. मिसिसिपीच्या पश्चिमेस निघालेले ते पहिले वर्तमानपत्र होय. पुढे पाव शतकात त्या शहरात प्रत्येक राजकीय पक्षाचे निराळे पत्र झाले. त्या काळचा छापखाना म्हणजे लाकडी खणांत भरलेले शिशाचे खिळे, शाईचे डबे आणि हाताने ओढावयाचे एक जड लोखंडी यंत्र, एवढाच सरंजाम. जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून ओळ जुळवावयाची, पान बांधावयाचे, आणि एकेक कागद दाबून काढावयाचा. पश्चिमेकडील नव्या गावांत असे यंत्र मिळत नसे; ते शेकडो मैलांवरून आगबोटीने आणावे लागे. म्हणून ज्याने यंत्र मोडले त्याने त्या गावाचे तोंड पुष्कळ दिवसांपुरते बंद केले, असे समजावे. हे ध्यानात ठेविल्यास पुढील हकीकत नीट समजेल.

लव्हजॉय ह्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८०२ रोजी मेन प्रांतातील आल्बियन गावाजवळ झाला. वडील रे. डॅनियल लव्हजॉय हे काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक होते. नऊ भावंडांत इलायजा हे वडील. घरी शेती, प्रार्थना आणि शास्त्रपठन ह्यांतच लहानपण गेले. १८२६ साली वॉटरव्हिल कॉलेजातून ते वर्गात पहिले येऊन पदवीधर झाले. परंतु ज्या विश्वासाने आईबाप जगत होते तो त्यांच्या अंतःकरणात उतरला नव्हता. १८२७ साली नशीब काढावयास ते पश्चिमेकडे निघाले. पदरी पैसा थोडा. म्हणून वाटेत बरीच मजल पायी केली, आणि न्यूयॉर्क शहरात एका वर्तमानपत्राला वर्गणीदार मिळविण्यासाठी दारोदार हिंडले. त्या वर्षाच्या अखेरीस ते सेंट लुईस येथे पोहोचले.

तेथे त्यांनी आरंभी शाळा चालविली. १८३० साली सेंट लुईस टाइम्स ह्या राजकीय पत्रात भागी घेऊन ते त्याचे संपादक झाले. त्या वेळी ते गुलामगिरीचे विरोधक मुळीच नव्हते. इतर पत्रांप्रमाणे त्यांच्या पत्रातही गुलामांच्या विक्रीच्या व पळालेल्या गुलामांच्या जाहिराती छापून येत. त्यांच्या छापखान्यात एक काळा मुलगा भाड्याने कामास ठेविला होता. त्याची मजुरी त्याला न मिळता त्याच्या धन्याला मिळे. ह्या मुलाचे नाव विल्यम. एके दिवशी तो जुळविलेले खिळे घेऊन येत असता गोऱ्या मुलांनी त्याला गाठून मारले, आणि पुढे त्यांतील एकाच्या बापाने त्याला काठीने असे झोडपले की तो कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. १८३४ साली तो गुलामगिरीतून पळाला व विल्यम वेल्स ब्राउन ह्या नावाने मोठा ग्रंथकार झाला. १८४७ साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्याने लव्हजॉय ह्यांना आपल्या सर्व मालकांत चांगले म्हटले आहे, आणि गुलाम असता जी थोडी विद्या मिळाली ती बहुतेक त्यांच्या छापखान्यात मिळाली असे कबूल केले आहे.

वाचकहो, ह्या गोष्टीवर आम्ही थोडे थांबतो. लव्हजॉय दयाळू मालक होते ही गोष्ट खरी. पण दयाळूपणा निराळा आणि न्याय निराळा. मुलाला प्रेमाने वागवीत असताही त्याची मजुरी दुसऱ्याच्या हाती देताना त्यांच्या मनाला त्या काळी बोच लागल्याचे दिसत नाही. देवाने ज्या माणसाला पुढे साक्षीदार केले तो आरंभी आपल्या काळाच्या पापात इतरांप्रमाणेच बसला होता.

१८३२ च्या आरंभी सेंट लुईस येथे धर्मजागृतीच्या सभा झाल्या. तेथे डॉ. डेव्हिड नेल्सन नावाचे उपदेशक बोलत असत. नेल्सन हे पूर्वी वैद्य होते. त्यांनी स्वतः गुलाम बाळगले होते, आणि पुढे तो प्रकार पाप समजून सोडून दिला होता. त्यांच्या उपदेशाने लव्हजॉय ह्यांचे कठीण अंतःकरण वितळले. त्यांनी प्रेसबिटेरियन मंडळीत आपला विश्वास कबूल केला, पत्राचा धंदा सोडला, आणि ते प्रिन्स्टन येथील ईश्वरविज्ञानाच्या पाठशाळेत गेले. १८३३ च्या वसंत ऋतूत त्यांना उपदेश करण्याचा परवाना मिळाला. इकडे सेंट लुईस येथील ख्रिस्ती मित्रांना आपल्या भागासाठी एक धार्मिक साप्ताहिक हवे होते. त्यांनी लव्हजॉय ह्यांना बोलावून घेतले, आणि २२ नोव्हेंबर १८३३ रोजी ऑब्झर्व्हर पत्राचा पहिला अंक निघाला. त्याच सुमारास आपल्या मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण चालू होते. ते १८३२ साली निघाले होते.

ऑब्झर्व्हरमध्ये उपदेश, मिशनांच्या बातम्या, मद्यपाननिषेध असे विषय येत. रोमन कॅथलिकांवर लव्हजॉय ह्यांनी फार कडक लेख लिहिले, व त्यामुळे त्या शहरात त्यांना पुष्कळ शत्रू झाले. त्यांतील काही लिखाण प्रीतीस शोभणारे नव्हते, हे आम्ही लपवीत नाही. गुलामगिरीविषयी ते हळूहळू लिहू लागले. प्रथम त्यांचे म्हणणे एवढेच होते की हा प्रकार वाईट आहे व तो क्रमाक्रमाने नाहीसा व्हावा. तत्काळ मुक्तता मागणाऱ्या लोकांना ते उतावळे समजत. पण इतके सौम्य बोलणेही सेंट लुईस येथे सोसवेना. १८३५ च्या शरद ऋतूत शहरातील प्रतिष्ठित गृहस्थांनी, ज्यांत त्यांचे स्नेहीही होते, त्यांना कळविले की शांततेसाठी ह्या विषयावर गप्प बसावे. त्याच वर्षी मार्च महिन्यात सेंट चार्ल्स येथील सीलिया अ‍ॅन फ्रेंच ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. घर नवे, उत्पन्न तुटपुंजे, शहर खवळलेले. तरी त्यांनी उत्तर दिले की विचार करणे व तो छापणे हा हक्क मला मनुष्यांनी दिलेला नाही. म्हणून मनुष्यांच्या सांगण्यावरून मी तो सोडू शकत नाही.

ह्यानंतर २८ एप्रिल १८३६ रोजी एक भयंकर गोष्ट घडली. फ्रान्सिस मॅकिंटॉश नावाचा आगबोटीवरील एक स्वतंत्र काळा मनुष्य पकडला गेला. पकडणाऱ्यांशी झालेल्या झटापटीत त्याने सुरीने एका अंमलदाराला ठार केले व दुसऱ्याला जखमी केले. अपराध मोठा होता व कायदा त्याला शासन करण्यास समर्थ होता. परंतु जमावाने त्याला तुरुंगातून ओढून काढले, झाडाला साखळदंडाने बांधले, आणि जिवंत जाळले. पुढे पंचमंडळापुढे हे प्रकरण आले तेव्हा न्यायाधीश ल्यूक लॉलेस ह्यांनी सांगितले की हे कृत्य थोड्या माणसांचे नसून मोठ्या जमावाचे असेल तर ते कायद्याच्या हाताबाहेरचे आहे. शिवाय अशा क्षोभाचा दोष त्यांनी ऑब्झर्व्हरसारख्या पत्रांवर ठेविला. खुनी मोकळे राहिले. लव्हजॉय ह्यांनी ह्या न्यायावर निर्भयपणे टीका केली. तेव्हा लोकांनी त्यांच्या कचेरीत शिरून सामानाची मोडतोड केली.

मग त्यांनी पत्र नदीपार ऑल्टन येथे नेण्याचे ठरविले. यंत्र आगबोटीने पोहोचले तो २४ जुलै १८३६ हा प्रभूचा दिवस होता. शब्बाथ मोडावयाचा नाही म्हणून लव्हजॉय ह्यांनी ते धक्क्यावरच राहू दिले. त्या रात्री काही लोकांनी ते नदीत लोटून दिले. पहिले यंत्र असे गेले. ऑल्टनच्या भल्या लोकांना ह्याची लाज वाटली; त्यांनी वर्गणी करून दुसरे यंत्र आणविण्यास साहाय्य केले. ८ सप्टेंबर १८३६ रोजी ऑल्टन ऑब्झर्व्हरचा पहिला अंक निघाला. ऑल्टन टेलिग्राफ हे दुसरे पत्रही त्याच वर्षी त्या शहरात निघाले होते. ऑब्झर्व्हरचे वर्गणीदार वाढत गेले.

ऑल्टनला त्या वेळी मोठी हाव होती. सेंट लुईसला मागे टाकून नदीकाठची पहिली बाजारपेठ व्हावे, अशी तेथील व्यापाऱ्यांची आकांक्षा होती. पण १८३७ साली सर्व देशात पैशाची टंचाई झाली, पेढ्या बुडाल्या, आणि व्यापार बसला. ज्याचे पोट दुखते तो कोणाला तरी दोष देऊ पाहतो. आपल्या गावातील पत्रामुळे दक्षिणेकडचे गिऱ्हाईक रागावते, असे लोक म्हणू लागले. इकडे लव्हजॉय ह्यांचे मतही पुढे गेले होते. गुलामगिरी हे पाप आहे, आणि पाप क्रमाक्रमाने सोडावयाचे नसते, तत्काळ सोडावयाचे असते, असे ते आता लिहीत. जुलै १८३७ मध्ये त्यांनी राज्याची एक गुलामगिरीविरोधी सभा स्थापावी अशी सूचना केली.

२१ ऑगस्टच्या रात्री जमावाने कचेरीवर दगड मारून आत प्रवेश केला व दुसरे यंत्र मोडून टाकले. त्याच संध्याकाळी लव्हजॉय आजारी पत्नीसाठी औषध घेऊन घरी जात असता काही माणसांनी त्यांना वाटेत अडविले. अंगाला डांबर फासून, पिसे चिकटवून, त्यांना नदीत सोडून द्यावे असा त्यांचा बेत होता. लव्हजॉय म्हणाले की मी तुमच्या हाती आहे. मात्र हे औषध कोणीतरी माझ्या पत्नीला नेऊन द्यावे, आणि ती घाबरेल असे काही बोलू नये. हे ऐकून त्या लोकांचा धीर खचला, आणि त्यांनी त्यांना सोडून दिले. ज्याला आपण मारावयास निघालो त्याच्या हातात बायकोच्या औषधाची बाटली आहे, हे पाहिल्यावर मारणाऱ्याच्या मनातील मनुष्य जागा होतो. पण जमाव मोठा झाला म्हणजे तो पुनः झोपी जातो.

तिसरे यंत्र २१ सप्टेंबर रोजी आले. लव्हजॉय त्या वेळी प्रेसबिटरीच्या कामासाठी बाहेरगावी होते. यंत्र एका वखारीत ठेवून नगराध्यक्षांनी पहारेकरी नेमला. तो निघून जाताच लोक आत शिरले व त्यांनी यंत्राचे तुकडे करून नदीत टाकले. पुढे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी लव्हजॉय सेंट चार्ल्स येथे उपदेशास गेले. रात्री सासूच्या घरी असताना जमाव चालून आला. सीलियाबाई अशक्त असूनही दारात उभ्या राहिल्या. त्यांनी हल्लेखोरांना हातांनी मारले व नवऱ्याला कवटाळून धरले. अखेर लव्हजॉय ह्यांना अंधारातून निसटावे लागले. ह्यानंतर त्या बाईंना घरातही निश्चिंत झोप येईना. लव्हजॉय उशाशी बंदूक ठेवू लागले.

आता ह्या चरित्रातील मुख्य प्रसंग येतो. मुख्य प्रसंग मृत्यूचा, असे वाचकांस वाटेल. आमच्या मते तो मृत्यूच्या चार दिवस आधीचा आहे. २ व ३ नोव्हेंबर १८३७ रोजी ऑल्टनच्या नागरिकांची सभा भरली. तेथे दारुडे व दंगेखोर नव्हते. व्यापारी, वकील व मंडळीचे सभासद होते. इलिनॉय कॉलेजाचे अध्यक्ष रे. एडवर्ड बीचर ह्यांनी असे ठराव मांडले की मत पटो वा न पटो, ते छापणाऱ्याचे कायद्याप्रमाणे रक्षण झाले पाहिजे. सभेने हे ठराव समितीकडे सोपविले. समितीने उलट सुचविले की दोन्ही पक्षांनी समेट करावा; आणि समेट म्हणजे काय, तर लव्हजॉय ह्यांनी ऑल्टनमधील कोणत्याही पत्राशी संबंध ठेवू नये. त्यांच्याविषयी वाईट शब्द कोणी बोलले नाही. त्यांच्या चांगल्या हेतूबद्दल आदर दाखवून, केवळ गावाच्या शांततेसाठी त्यांनी जावे, अशी ही विनंती होती.

लव्हजॉय उठून पुढे गेले. त्यांनी सांगितले की मी अपराध केला असेल तर कायदे आहेत, न्यायालय आहे. मला तेथे उभे करा. अपराध नसेल तर मला का जावे लागते? येथून पळालो तर दुसऱ्या गावीही हेच होईल. मग मी कोठवर पळू? पत्नीचे व लहान मुलाचे नाव काढताच त्यांना रडू आले. सभेतील पुष्कळांच्या डोळ्यांना पाणी आले. त्यांचे शत्रूही रडले. तरी ठराव समितीचाच पास झाला. डोळे पुसून लोकांनी हात वर केले. वाचकहो, दंगेखोरांनी ७ नोव्हेंबरला जे केले त्याची परवानगी ३ नोव्हेंबरच्या त्या सभ्य हातांनी दिली, असे आम्हांस वाटते.

चौथे यंत्र ७ नोव्हेंबरच्या पहाटे, अंधारात, आगबोटीवरून उतरवून गॉडफ्री गिलमन कंपनीच्या दगडी वखारीत ठेविले. त्या रात्री सुमारे वीस माणसे तेथे पहाऱ्यास राहिली. नगराध्यक्ष जॉन क्रम ह्यांना त्यांनी हे कळविले होते. रात्री जमाव आला. आधी दगड, मग गोळ्या. आतूनही गोळी सुटली व जमावातील लायमन बिशप नावाचा एक तरुण ठार झाला. नगराध्यक्ष आत येऊन निरोप सांगून गेले की यंत्र द्या म्हणजे तुम्हांला कोणी हात लावणार नाही. आतील लोकांनी नाकारले. गावात मंडळीची घंटा मदतीसाठी वाजत राहिली, पण मदतीस कोणी आले नाही. मग लोकांनी भिंतीला शिडी लावून लाकडी छपराला आग देण्याचा यत्न केला. लव्हजॉय व रॉयल वेलर ह्यांनी बाहेर धावून ती शिडी पाडली. शिडी पुनः उभी झाली. ते पुनः बाहेर आले, तेव्हा लाकडांच्या राशीआड दबा धरून बसलेल्यांनी बार काढले. वेलर पायाला जखमी झाले. लव्हजॉय ह्यांना पाच गोळ्या लागल्या. ते कसेबसे जिना चढून वर गेले व तेथेच त्यांनी प्राण सोडला. आतील लोकांनी वखार सोडून दिली. जमावाने यंत्र खिडकीतून खाली टाकले आणि त्याचे तुकडे नदीत फेकले. ९ नोव्हेंबर रोजी त्यांना मूठमाती देण्यात आली. तो त्यांचा पस्तिसावा वाढदिवस होता. जानेवारी १८३८ मध्ये खटले चालले. वखारीचे रक्षण करणारेही सुटले व दंगा करणारेही सुटले. ह्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

ह्या ठिकाणी एक अडचणीचा प्रश्न आहे. देवाच्या सेवकाने शस्त्र हाती घ्यावे काय? त्या काळीही गुलामगिरीविरोधी लोकांत ह्याविषयी एकमत नव्हते. बॉस्टनचे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन हे लव्हजॉय ह्यांच्या धैर्याचे मोठे चाहते, तरी बंदुका घेतल्या ह्याचे त्यांना दुःख झाले. दुसरे म्हणत की गावाने रक्षण करण्याचे नाकारले, तेव्हा घरमालकास आपले घर राखण्याचा कायद्याने अधिकारच होता. आमचे स्वतःचे मन असे आहे की लव्हजॉय ह्यांचे साक्षीपण वखारीतील बंदुकीत नव्हते. ते औषधाच्या बाटलीत व सभेतील अश्रूंत होते. बिशपही कोणा आईचा मुलगा होता. त्याचे मरण ह्या चरित्रातून गाळून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परिणाम काय झाला? यहोयाकीम राजाने यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली. तेव्हा बारुखाने ती पुनः लिहिली, आणि तीत आणखी पुष्कळ वचनांची भर पडली, हे वाचकांस ठाऊक आहे. येथेही तसेच झाले. ज्या पत्राचे वाचक एका प्रांतातले होते, त्याच्या संपादकाचे नाव सर्व देशात झाले. डिसेंबर १८३७ मध्ये बॉस्टनच्या सभेत वेंडेल फिलिप्स नावाचा तरुण वकील लव्हजॉय ह्यांच्या बाजूने असा बोलला की तेथून तो ह्या चळवळीचा मोठा वक्ता झाला. जानेवारी १८३८ मध्ये अब्राहाम लिंकन ह्यांनी स्प्रिंगफील्ड येथील भाषणात जमावाच्या राज्याविरुद्ध लोकांस सावध केले. छापखाने नदीत टाकणे व संपादकांना गोळ्या घालणे ह्यांचा उल्लेख त्यांनी त्यात केला. त्याच साली जोसेफ व ओवेन ह्या भावांनी इलायजांचे चरित्र प्रसिद्ध केले. ओवेन पुढे इलिनॉयमध्ये पाळक झाले. त्यांनी पळालेल्या गुलामांना आश्रय दिला, १८५७ पासून ते राष्ट्राच्या कायदेमंडळात बसले, आणि लिंकन ह्यांचे स्नेही होते. १८५८ साली लिंकन व डग्लस ह्यांचा शेवटचा प्रसिद्ध वादविवाद त्याच ऑल्टन शहरात झाला. १८६५ च्या डिसेंबरात संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेतून गुलामगिरी निघून गेली.

आपल्या महाराष्ट्राशीही ह्या गोष्टीचा दुवा आहे. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांच्या सन्मानार्थ अर्पण केला. लव्हजॉय अशाच लोकांपैकी एक होत. मिसिसिपीच्या काठी जे यंत्र बुडाले त्याचा प्रतिध्वनी अशा रीतीने पुण्यात उमटला.

ऑल्टनची गोष्ट मात्र निराळी झाली. ज्या व्यापारासाठी गावाने आपला संपादक दिला तो व्यापार काही वाढला नाही. पहिली बाजारपेठ सेंट लुईसच राहिली, आणि ऑल्टनचे नाव देशभर ह्या खुनाबरोबर घेतले जाऊ लागले. त्यांच्या कबरीवर पुष्कळ वर्षे नीट खूणही नव्हती. साठ वर्षांनी, १८९७ साली, त्याच शहरात त्यांच्या स्मरणार्थ उंच स्तंभ उभारण्यात आला. १९१५ साली नदीच्या गाळात त्यांच्या यंत्राचा एक लोखंडी भाग सापडला.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रावरून आम्ही कोणाला गोळ्यांपुढे उभे राहावयास सांगत नाही. आपल्यापुढे बहुधा ७ नोव्हेंबर येत नाही. येतो तो ३ नोव्हेंबर. गावात कोणा दुबळ्याला मार बसतो, कोणाची मजुरी बुडते, किंवा मंडळीतच जुन्या जातीप्रमाणे पंगत निराळी मांडली जाते, आणि कोणी उपदेशक त्याविषयी बोलतो. तेव्हा चांगले लोक जमतात. ते त्याची स्तुती करतात, त्याच्या हेतूविषयी शंका घेत नाहीत, आणि मंडळीच्या शांततेसाठी गप्प बसण्याची विनंती त्याला करतात. अशा वेळी हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा: ह्या माणसाने अपराध केला आहे काय? केला असेल तर तो दाखवावा. नसेल, तर त्याने जावे असे म्हणणारी शांती कोणाच्या घरची आहे, हे ओळखावे.

आणि जो बोलतो त्यानेही हे लक्षात ठेवावे की लव्हजॉय एका दिवसात साक्षीदार झाले नाहीत. विल्यमच्या मजुरीचा प्रश्न ज्यांच्या मनाला शिवला नव्हता, त्यांनाच प्रभूने पायरीपायरीने चढवीत त्या सभेपर्यंत आणले. आपल्यालाही तो आजच्या पायरीवर सोडून देणार नाही, ही आमची आशा आहे.